मधु आणि उपदंश

दिवाळी अंकासाठी मद्यावर लिहायला बसलो आहे असे घरात सांगितले, तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, "दुसरे विषय संपले वाटतं?" विषय संपलेले नाहीत. पण गेल्या भाऊबिजेला आमच्या भिवंडीच्या घरात एक लहानशी बाटली आली, आणि तिने जो प्रश्न उभा केला त्याचे उत्तर शोधता शोधता मी रोमन गलबतांपासून कौटिल्यापर्यंत हिंडून आलो. प्रवास घरबसल्या झाला, खर्च काही आला नाही. तेव्हा त्याची हकीकत फराळाबरोबर वाचकांच्या पानात वाढावी असे वाटले.

भाचा नाशिककडे, दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षमळ्यावर नोकरीला आहे. आईला घेऊन भाऊबिजेला आला आणि नेहमीच्या पेढ्यांच्या पुड्याऐवजी त्याने पिशवीतून सोनेरी रंगाची, रोजच्या बाटलीच्या निम्म्या आकाराची, ३७५ मिलिलिटरची एक बाटली काढली. बरोबर एक दिवसाच्या परवान्याचा कागदही होता. कारण महाराष्ट्रात परवान्यावाचून घोटभर पिणेही कायद्याला मंजूर नाही, ही गोष्ट पुष्कळ पिणारे सोयीस्करपणे विसरतात. "मामा," तो म्हणाला, "ही दारू नव्हे. उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन आहे. लाडू-करंज्यांबरोबर घ्यायची."

माझ्या आईला चौऱ्याऐंशी वर्षे झाली. तिला अलीकडे कमी ऐकू येते, पण 'दारू' हा शब्द माजघरातूनही ऐकू येतो. त्याला कारण आहे. १९६१ साली लग्न होऊन ती भिवंडीत आली, त्या आधीपासून तिचा थोरला भाऊ इथे मागावर काम करीत असे. दिवस दारूबंदीचे होते, आणि खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागत होत्या. शनिवारच्या पगारातले घरी काय यायचे ते तिने वहिनीच्या तोंडून ऐकले होते. पुढे एका पावसाळ्यात भाऊच गेला. त्याच्या दोन मुली आमच्याच घरात वाढल्या. एवढी एक गोष्ट सांगितली म्हणजे आमच्या घरात बाटली का येत नव्हती हे निराळे सांगायला नको.

आणि तरीही हीच माझी आई गेली कित्येक वर्षे रात्रीच्या जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव बरोबरीच्या पाण्यात घालून घेते. द्राक्षांचा काढा, गूळ, धायटीची फुले, आणि महिनाभर तोंड बांधून ठेवलेले भांडे: त्यात जे आपोआप घडते त्याला शास्त्रात एकच नाव आहे. दारूबंदीच्या कायद्यालाही आसवारिष्टांपुढे अडखळावे लागले होते. मद्यार्कयुक्त औषधांचा प्रश्न १९५१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या औषधांना सवलत मिळाली. ही गोष्ट मी आईला कधी सांगितली नाही. काही सत्ये घरात नुसती ठेवून द्यायची असतात, तांब्याच्या मोठ्या हंड्यासारखी.

त्या संध्याकाळी बाटली उघडली. आम्ही तिघांनी, म्हणजे भाचा, त्याची आई आणि मी, बेसनाचा लाडू तोंडात टाकून एकेक घोट घेतला. आणि आश्चर्य असे, की गोड म्हणून आणलेली ती वाइन चक्क आंबट लागली. वर लाडूही पिठूळ लागू लागला. भाचा खजील झाला. "बाटली बिघडलेली असावी," असे बहीण म्हणाली. बाटली बिघडलेली नव्हती. काय बिघडले होते ते कळण्यासाठी मला दोन हजार वर्षे मागे जावे लागले.

भिवंडी म्हटले की लोकांना माग आणि गोदामे आठवतात. परंतु हे गाव मुळात खाडीचे. कामवारी नदी गावाला वळसा घेऊन उल्हासच्या खाडीला मिळते, आणि पलीकडच्या तीरावर कल्याण. आज मधल्या पुलावर तास तास खोळंबणाऱ्या माणसाला हे पटणार नाही, पण एके काळी कल्याण हे जगाच्या नकाशावरचे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांत दाने देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. इकडे आमच्या तालुक्यात लोनाडला टेकडीच्या पोटात लेणे आहे. सह्याद्रीवरून माल उतरायचा तो नाणेघाटाने, जुन्नरहून. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे सांगतात. तो रांजण आजही पाहणाऱ्याला थबकवतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, मिसरातून आलेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक टिपणवही लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव राहिले नाही, वही राहिली. बंदर कुठले, तिथे काय खपते, काय मिळते, कुठे उथळ पाणी आहे, एवढेच त्याला सांगायचे आहे; आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. भडोचला काय खपते त्याच्या यादीत पहिल्या जागी आहे मद्य. त्यातही इटलीचे अधिक पसंतीचे, मग सीरियातल्या लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. तांबे, कथील, शिसे, पोवळे त्यानंतर. राजासाठी म्हणून जे खास न्यायचे त्यात चांदीची भांडी आणि गाणारी मुले यांच्या जोडीला पुन्हा एकदा मद्य आहे, पण उंची.

भडोचनंतर दक्षिणेकडची नावे घेताना तो सोपारा आणि कल्याण सांगतो, आणि कल्याणविषयी एक खंतावलेली नोंद करतो. थोरल्या सातकर्णीच्या वेळी हे रीतसर बाजारपेठेचे बंदर होते. आता सत्ता पालटली आहे, बंदरात फार अडवणूक होते, आणि चुकून एखादे ग्रीक गलबत इथे लागले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या भांडणात आमची खाडी अशी कोंडली गेली होती. कल्याणच्या सावकारासाठी निघालेले मद्याचे कुंभ शिपायांच्या पहाऱ्यात भडोचला उतरले असतील, असे चित्र मला दिसते. पण ते माझ्या मनातले चित्र आहे, इतिहास नव्हे.

इतिहास आहे तो खापरांचा. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे भूमध्य समुद्राकडचे कुंभ नेवाशाच्या उत्खननात तुकड्या-तुकड्यांनी मिळाले. ते उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. घारापुरीला, म्हणजे आमच्या खाड्या जिथे समुद्राला मिळतात त्या तोंडाशी, असे तुकडे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनच्या मूर्तीबरोबर काशाची रोमन सुरई मिळाली. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र एक दुरुस्ती सुचविली आहे, आणि ती मान्य केली पाहिजे: आपल्या किनाऱ्यावर 'रोमन' म्हणून नोंदलेली पुष्कळशी खापरे प्रत्यक्षात इराणच्या आखाताकडच्या, आतून डांबर फासलेल्या, बिनकानाच्या लांबट रांजणांची आहेत. म्हणजे मद्य केवळ रोमचेच येत होते असे नाही. तिकडे तमिळ संगमकाव्यातही यवनांनी जहाजांतून आणलेल्या सुगंधी मद्याचा उल्लेख आहे. तात्पर्य, परदेशची वाइन आपल्या किनाऱ्याला नवी नाही.

आता गोडपणाकडे येऊ. समुद्रावरून महिनोन्महिने जाणाऱ्या मालाची एक निवड आपोआप होते. पातळ, हलके मद्य उन्हात आणि हेलकाव्यात आंबून त्याचा शिरका होतो. ज्यात साखर दाट आहे, मद्यार्क जास्त आहे, ते टिकते. रोमन लोक रस आटवून मद्यात घालीत, राळ घालीत, कधी समुद्राचे पाणीही घालीत. तेही टिकाऊपणासाठीच. द्राक्षे सुकवून गोड मद्य करण्याची कृती तर रोमहूनही जुनी. ग्रीक कवी हेसिअडने आपल्या शेतकरी भावाला ती सांगून ठेवली आहे: घड खुडून दहा दिवस-रात्री उन्हात ठेव, पाच दिवस सावलीत झाक, सहाव्या दिवशी रस भांड्यांत भर. कार्थेजच्या मागोची अशीच कृती कोलुमेल्ला या रोमन शेतीतज्ज्ञाने जपून ठेवली. कार्थेज जाळणाऱ्यांनी त्यांच्या मनुकांच्या मद्याची कृती मात्र जाळली नाही. पुढे सतराशे वर्षांनी हाच अनुभव मडीराच्या मद्याने दिला. अटलांटिकमधल्या त्या बेटाची पिंपे हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत येत, आणि विषुववृत्ताची धग खाऊन आलेले मद्य घरी राहिलेल्या मद्यापेक्षा सरस ठरे. असे फिरून आलेले मद्य तिकडे मुद्दाम मागून घेत. आपल्या समुद्राच्या उन्हाने पाश्चात्त्यांच्या पेल्याला चव आणली, हे आपल्या फारसे लक्षात येत नाही.

पण गोड द्राक्षमद्य काय फक्त यवनच आणीत होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु अशी मद्यांची नामावळी दिली आहे. यांतला मधु म्हणजे मध नव्हे. द्राक्षांच्या रसाचे मद्य ते मधु, असे त्याने स्पष्ट सांगितले आहे. ते ज्या देशचे त्यावरून त्याला कापिशायन किंवा हारहूरक म्हणावे, हेही सांगितले आहे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचे बेग्राम. पाणिनीने या एका गावाच्या नावासाठी निराळे सूत्र खर्ची घातले. 'कापिशायन मधु' आणि 'कापिशायनी द्राक्षा' ही त्याची नेहमीची उदाहरणे. व्याकरणकारांनी ज्याचे नाव सिद्ध केले आणि कौटिल्याने ज्यावर अधिकारी नेमला, ते मद्य 'मधु' म्हणजे गोड याच नावाने ओळखले जाई, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते.

हा कौटिल्य मद्याचा चाहता मुळीच नव्हे. किती द्यायचे, कुणाला द्यायचे, गावाबाहेर नेऊ द्यायचे की नाही, याचे त्याचे नियम वाचले की आपल्या अबकारी खात्याची आठवण होते. पण उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी लोकांना चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी असे तो लिहितो. चारच दिवस! दिवाळीही चार दिवसांची. पण हा योगायोग पुढे ताणणार नाही, कारण त्याच परंपरेत मनूने गुळाची, पिठाची आणि मधूची अशी तिन्ही प्रकारची सुरा एकाच पंक्तीत बसवून सुरापान महापातकांत घातले आहे. 'आपले पूर्वज पीत होते' असे म्हणून पेला उचलणारे आणि 'आपल्या संस्कृतीत हे नव्हतेच' असे म्हणून डोळे वटारणारे, दोघेही ग्रंथाचे अर्धेच पान वाचतात. पीतही होते, आणि निषेधही करीत होते; बहुधा एकाच घरात.

मला हवा असलेला दुवा मिळाला तो वात्स्यायनाकडे. त्याच्या ग्रंथाचे नाव कौटुंबिक अंकात घेताना जरा चाचरायला होते. परंतु त्यातले नागरकाच्या दिनचर्येचे प्रकरण आईवडिलांसमोर वाचण्याजोगे नसले तरी अभ्यासण्याजोगे खास आहे. एकमेकांच्या घरी भरणाऱ्या पानगोष्ठींचे वर्णन करताना तो मधु, मैरेय, सुरा आणि आसव ही पेये सांगतो, आणि त्यांच्याबरोबर घ्यायचे उपदंश सांगतो. उपदंश म्हणजे घोटाच्या बाजूला घ्यायचा चावा. आपल्या बोलीत चखणा. आता हे उपदंश कोणते? नाना प्रकारचे खारवलेले पदार्थ, फळे, हिरव्या भाज्या. चवीने कडू, तिखट आणि आंबट. यादीत सहा रसांपैकी खारट आहे, कडू आहे, तिखट आहे, आंबट आहे. पण गोड नाही! मोदक, मांडे, अपूप सगळे ठाऊक असलेल्या देशात, गोड मद्याबरोबर गोड खायचे नाही हे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास लिहून ठेवलेले होते. आमच्या लाडवाचे तिथेच चुकले होते.

गंमत अशी की रोमन लोकही याच निष्कर्षाला आले होते. मध घातलेल्या मद्याला ते मुल्सुम म्हणत आणि ते जेवणाच्या शेवटी नव्हे, आरंभी घेत. अंडी, ऑलिव्ह, खारवलेले मासे यांच्याबरोबर. या मद्यावरूनच जेवणातल्या त्या पहिल्या वाढपाला 'प्रोमुल्सिस' असे नाव पडले. फ्रान्समध्ये बोर्दोजवळची सोतेर्न ही अतिगोड वाइन आजही रोकफोर या निळसर बुरशीच्या, खारट, उग्र चिझाबरोबर घेतात. तीन देश, तीन काळ, एकमेकांना न विचारता एकाच ताटाभोवती बसलेले.

याचे कारण जिभेत आहे आणि ते कळायला रसायनशास्त्र लागत नाही. गोड खाऊन वर चहा प्यायला तर चहातली साखर हरवते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तसेच वाइनचे. तिच्यात साखर असते आणि आंबटपणाही असतो. लाडवाने जीभ गोडाने भरून टाकली की वाइनची साखर कळेनाशी होते आणि उरतो तो नुसता आंबटपणा. म्हणून जाणकार म्हणतात की वाइन पदार्थाहून गोड असावी. उलट मीठ जिभेवर आले की गोडपणा खुलतो. आपल्या आया शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतात ते उगाच नव्हे. आंबटपणा तळणीचा तेलकटपणा कापतो, आणि मिरचीची आग साखरेने आणि थंडाव्याने शमते. मद्यार्क मात्र ती आग वाढवितो. म्हणून तिखटाबरोबर कडक मद्य जाळते, आणि गार, हलकी, गोड वाइन निववते.

मधल्या हजार वर्षांतून मी भराभर जातो, कारण त्यांत द्राक्षांपेक्षा तलवारी जास्त आहेत. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताला तिथे द्राक्षे आणि डाळिंबे दिसली, आणि ती वर्षातून दोनदा येतात याचे त्याला नवल वाटले. ही नोंद ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या मद्यात आणि लसणीत मुरवलेल्या मांसावरून गोव्याचे विंदालू झाले आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांतले इंदियाल झाले. मात्र युरोपातल्या वाइनची जागा इथे शिरक्याने घेतली आणि वर मिरची आली. वाइन ताटाबाहेर राहण्याऐवजी ताटात शिरली, ती अशी. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी, ऐन वसुबारसेला, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराच्या पहिल्या गलबतांचे काम सुरू झाले. त्यावर काही पोर्तुगीज कारागीरही होते. वसईच्या दडपणामुळे ते काम सोडून गेले. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्यांच्या नवसाचे वज्रेश्वरीचे देऊळ आमच्या तालुक्यातच आहे.

इंग्रजांनी मात्र मद्याची सगळी गोष्ट महसुलाची करून टाकली. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावची ताडी-माडी आणि मोहाची भट्टी सरकारी मक्त्याखाली गेली. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही नियंत्रण आले. आमच्याकडच्या कातकरी-वारल्यांच्या दृष्टीने मोहाचे फूल हे आधी अन्न आणि मग मद्य; ते वेचले म्हणून माणूस गुन्हेगार ठरू लागला. मक्तेदाराच्या गुत्त्यावर जे मिळे ते पटकन चढणारे, स्वस्त आणि कडक. त्याबरोबर उपदंश कसला? रिकाम्या पोटी, उभ्याउभ्या, पगाराच्या दिवशी. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, तिच्यामागे या गुत्त्यांनी उद्ध्वस्त केलेल्या घरांची कळकळ होती यात संशय नाही. पण गुत्ता गेला आणि भट्टी तिवरांत गेली. आणि तिथे काय शिजते हे बघायला सुराध्यक्षही उरला नाही. माझा मामा या दोहोंच्या मधल्या फटीत सापडला. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ होते. आमच्या घरी ती दोन मुलींची फी होती.

त्यामुळेच 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य मला रुचत नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला, तेव्हा हे वाक्य फार ऐकू आले. विरोध इतका झाला की निर्णय कागदावरच राहिला. द्राक्ष बागायतदारांची अडचण मला कळते. पण वाइन ही दारूच आहे. सौम्य आहे, नीट केलेली आहे, जेवणाशी तिचा संबंध आहे. हे सारे खरे सांगावे, आणि तिला दारूच म्हणावे. भाच्यालाही मी हेच सांगितले.

त्या भाच्याकडूनच मला बाटलीचे कूळ कळले. आपल्याकडे थंडी अशी पडत नाही, म्हणून द्राक्षवेल झोपी जातच नाही; इब्न बतूताला दोन बहर दिसले ते यामुळे. नाशिकचा बागायतदार म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, आणि पीक एकच घेतो, जानेवारी ते मार्च. या गोडी छाटणीचे नावच किती गोड आहे! १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या 'इंडाज'ने फसफसती वाइन करून परदेशी पाठविली. नारायणगाव म्हणजे जुन्नरच्या शेजारी, आमच्या जुन्या नाणेघाटाच्या वाटेवर. जिथून सातवाहनांचा माल उतरत होता तिथूनच हा धंदा पुन्हा उठला आणि नंतर कर्जाच्या ओझ्याने ती कंपनी बसली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ या फ्रेंच जाती लावल्या, २००० साली 'सुला'ची पहिली वाइन आली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले.

शेनिन ही फ्रान्समधल्या लवार नदीच्या खोऱ्यातली जात. तिचा विशेष असा की घड कितीही पिकला तरी तिचा आंबटपणा मरत नाही. म्हणून तिकडे शतकानुशतके तिच्यापासून गोड वाइन करतात. आपल्याकडेही तेच करतात: एरवीची तोडणी झाली तरी काही ओळी वेलीवरच ठेवायच्या. उन्हाने मणी सुरकुततात, पाणी उडते, साखर आणि वास दाटतो; रस थेंब थेंब निघतो आणि म्हणूनच बाटली निम्म्या आकाराची. मग आंबवण मध्येच थांबवायचे, म्हणजे उरलेली साखर वाइनमध्ये राहते. पाखरे, माश्या आणि अवकाळी पाऊस यांच्या तोंडी देऊन जे उरेल ते आपले. "मामा, शेवटचा पंधरवडा झोप लागत नाही," भाचा म्हणाला. हेसिअडने घड खुडून उन्हात ठेवले, याने उन्हातच लटकत ठेवले, फरक एवढाच.

त्या संध्याकाळी पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. लाडवाबरोबरचा घोट फसला, भाचा गप्प झाला, आणि आई दाराशी येऊन उभी राहिली. ती बाटलीकडे बघत नव्हती. आमच्या बशांकडे बघत होती. घरातली फराळाची करणारी तीच, आणि तिच्या लाडवाला आम्ही तोंड वाकडे केले होते.

"कशी लागते?" तिने विचारले.

"आजी, गोड आहे, पण आंबट लागतेय," भाचा म्हणाला.

"गोड-आंबट आहे ना? मग गोडावर गोड काय खाता? आवळ्याच्या सरबताबरोबर कुणी पेढा खातं का?"

ती आत गेली आणि चिवड्याचा डबा घेऊन आली. मिरच्यांचे तळलेले तुकडे वर आणून भरलेला. मग चकल्या. मग लसणीची शेव, कडबोळी, आणि कोथिंबीरवडीच्या चार तळलेल्या वड्या, दुपारच्या, गार झालेल्या. लाडू, करंज्या आणि अनारशांचे ताट तिने उचलून फडताळात ठेवले. वात्स्यायनाचे नाव तिने ऐकलेले नाही.

चिवड्याचा घास आणि त्यावर गार घोट: मिरची पुढे आली, मागे सरली, आणि मधासारखी, पिकल्या पेरूसारखी चव जिभेवर राहिली. चकलीतल्या तिळाने ती आणखी खुलली. शेवेच्या लसणीला ती पुरून उरली. कोथिंबीरवडीबरोबर तर बहिणीने डोळेच मिटून घेतले. नंतर मी चोरून अनारसा खाऊन पाहिला, आणि पुन्हा तीच आंबट चव. लिंबाच्या लोणच्याने मात्र वाइन पार झाकून टाकली. तेव्हा वात्स्यायनाचा आंबट उपदंश आपल्या लोणच्याइतका जहाल नसावा.

अर्धी बाटली उरली. ती कुठे ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा आई म्हणाली, "देवघराच्या खोलीत नको." मग थोडे थांबून म्हणाली, "माझ्या द्राक्षासवाच्या कपाटात ठेव. पण तिच्यावर चिठ्ठी चिकटव. अंधारात माझा हात चुकायला नको."